अपडेटभाऊ

वाशीमच्या कोणत्याही नव्या कॉलनीत सकाळी फिरायला निघा. एखाद्या गच्चीवर लुंगी-बनियनमधला माणूस, पोळ्याला बैल धुवावा तितक्या मायेने, सौर पॅनलवर पाइप धरून उभा दिसला की समजावं, हेच अपडेटभाऊ.

खरं नाव वेगळं असतं, पण ते आता फक्त आधार कार्डावर उरलेलं. भाऊ जिल्हा परिषदेत असतात, नाही तर बँकेत, नाही तर नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी असतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. घर स्वतःचं आणि त्याचं कर्ज फिटत आलेलं. त्यांना ‘कसं काय भाऊ?’ असं विचारू नये. आपण तब्येत विचारतो, ते घराची सांगतात. “काल 14 युनिट झाले. टाकी 70 टक्के आहे. रात्री कंपाउंडवरून मांजर गेली, कॅमेऱ्यात आलंय, दाखवू?” आपण नको म्हणेपर्यंत मांजर आपल्या मोबाइलवर आलेली असते.

भाऊंच्या आयुष्याचे दोन भाग पडतात: सोलरच्या आधी आणि सोलरनंतर. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि भाऊंना जगण्याची दिशा मिळाली. 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान हा आकडा ते झोपेतही सांगतात. मुलीचे बारावीचे टक्के मात्र वहिनींना विचारून सांगतात. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री लागेल तशी परत येते. या साध्या हिशेबाला भाऊंनी दानधर्माचं वळण दिलं आहे. “काल सरकारला 9 युनिट देले आपण,” असं ते पानठेल्यावर सांगतात, तेव्हा आवाजात मंदिराला पंखा दिल्याचा भाव असतो. नेट मीटरखाली त्यांनी प्लास्टिकची खुर्चीही ठेवली आहे. पाहुणे दिवाणखान्यात बसतात, भाऊ तिथे.

या वैभवाला एकदा मे महिन्यात दृष्ट लागली. भर दुपार, पारा 43 च्या पुढे आणि लाइन गेली. सगळी कॉलनी झाडाखाली आली. त्यात भाऊही होते, घामाने निथळत. शेजारच्या काकांनी त्यांच्या गच्चीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि विचारलं, “काहून भाऊ, तुमी तर सूर्यच बांधून ठेवला ना घरावर?”

भाऊंनी रुमालाने मान पुसली आणि समजावून सांगायला सुरुवात केली. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेल्याबरोबर आपोआप बंद होतो. तो बंद झाला नाही, तर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि वीजपुरवठा बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकेल. म्हणून हा नियम. शास्त्र बिनचूक होतं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सार काढलं, “म्हणजे ऊन आहे, पॅनल आहे, बिल शून्य आहे. फक्त पंखा नाही.” पुढच्या पगाराला भाऊंनी बॅटरीची चौकशी सुरू केली.

लाइनीखालोखाल भाऊंचा जीव पाण्यात. वाशीम शहराचं पाणी एकबुर्जी धरणातून येतं आणि उन्हाळ्यात नळाची वाट बघणं हा इथला जुना उद्योग. भाऊंनी टाकीत सेन्सर सोडला. पाणी वर चढतं तसे टक्के मोबाइलवर चढतात. त्याच पाण्याने पॅनल धुवायचे असल्यामुळे घरात मात्र रोज ठिणगी उडते. “झाडाईले पानी नाही अन् काचा धुऊन राह्यले!” हे वहिनींचं म्हणणं. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरचा भुसा उडतो, पॅनलवर धूळ बसली की युनिट घटतात, हे भाऊंचं उत्तर. दोघांचंही बरोबर होतं. अखेर भाऊंनी पॅनलखाली पत्र्याची पन्हाळ लावून तिचं तोंड कढीपत्त्याच्या बुडाशी सोडलं. आता काचही धुतली जाते आणि झाडही पितं. या पन्हाळीचा फोटो भाऊंनी कॉलनीच्या ग्रुपवर चारही बाजूंनी काढून टाकला.

दारावरच्या बोलक्या घंटीने मात्र त्यांना गोत्यात आणलं. घंटी दाबली की भाऊ जिथे असतील तिथून बोलू शकतात. एकदा ते कामानिमित्त रिसोडला असताना कारंज्याहून आत्या आली आणि तिने घंटी दाबली.

“आत्या, थांब, दार उघडतेच ते,” भिंत बोलली.

आत्या दोन पावलं मागे सरली. “पोट्ट्या, भितीतून काय बोलून राह्यला? बाहीर ये!”

“मी रिसोडले हावो आत्या, घरी नाही.”

“मंग हे कोण बोलून राह्यलं?”

वहिनींनी दार उघडलं तोवर आत्या देवाचं नाव घेत फाटकाशी पोचली होती. त्याहून वाईट म्हणजे घंटीने भाऊंच्या मोबाइलवर तिचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं: अनोळखी व्यक्ती आढळली. लहानपणी भाऊंना न्हाऊ-माखू घालणारी आत्या ती. कोणीतरी तिला हे वाचून दाखवलं आणि दिवाळीपर्यंत अबोला राहिला.

भाऊंचं थोडं शेतही आहे, गावाकडे. तिथल्या मोटरला मोबाइल स्टार्टर आहे. थ्री फेज लाइन आली की तो भाऊंना फोन करतो. भाऊ बटण दाबतात, मोटर सुरू होते. मंगरूळपीरला एका लग्नात पंगत बसली होती. बुंदीवाला दोन पानांवर आला आणि भाऊंचा फोन वाजला.

“कोणाचा?” शेजारच्याने विचारलं.

“मोटरचा.”

“काय म्हणते?”

“लाइन आली म्हणते. पानी सोडू काय, विचारून राह्यली.”

“मंग होय म्हणा न तिले, बुंदीवाला पुढं चालला!”

भाऊंनी बटण दाबलं. हरभरा भिजला, भाऊंचं पान कोरडं राहिलं.

हे सगळं ऐकून पुण्या-मुंबईकडचा माणूस म्हणेल, हौसेला मोल नाही. तिकडे असली यंत्रं हौसेनेच लागत असतील. इथलं कारण वेगळं आहे. वाशीम जिल्हाच मुळी 1 जुलै 1998 चा. त्याआधी जिल्ह्याच्या कागदासाठी एसटीने अकोला गाठावं लागे. 2018 मध्ये नीती आयोगाने देशातले मागे राहिलेले जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चारांत वाशीम होता. लाइन कधी जाईल, नळ कधी येईल, शेतात रात्री थ्री फेज किती वाजता सुटेल, याची वाट बघण्यात इथल्या दोन पिढ्यांची झोप गेली. भाऊंचे वडील त्यासाठी कंदील घेऊन विहिरीवर बसत. भाऊ पांघरुणात बसून मोबाइल बघतात. इतका बदल घडवायला जो माणूस पगारातले पैसे घालतो, त्याने त्याबद्दल चार लोकांना सांगू नये, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. चारशे लोकांना सांगू नये, एवढं मात्र म्हणता येईल.

आणि गंमत अशी, की ग्रुपवर त्यांना म्यूट करून ठेवलेली मंडळीच खासगीत विचारतात, “भाऊ, नळ आला काय?” कॉलनीतले निम्मे सोलरचे अर्ज भाऊंनीच भरून दिले. कोणाचं वीजबिल अचानक फुगलं, की आधी भाऊंना दाखवलं जातं, मग कार्यालयात.

तेव्हा सोलर बसवायचा विचार असेल, तर तुमच्या कॉलनीतल्या अपडेटभाऊंना अवश्य भेटा. सल्ला फुकट मिळेल आणि खरा मिळेल. फक्त घरून जेवून जा, चार्जर सोबत ठेवा, आणि ‘चला गच्चीवर’ म्हणाले तर पायातली चप्पल काढू नका. स्लॅब तापलेला असतो, आणि भाऊ पहिल्या पॅनलपासून सुरुवात करतात.