दोन चमचे पेट्रोल

आमच्या घरात दोन वह्या आहेत. एकीत बायको दुधाचा हिशेब लिहिते, दुसरीत मी गाडीचं ऍव्हरेज. दुधाची वही लोक समजून घेतात.

आत्याला पुण्याला आणायला आम्ही गुहागरला निघणार, त्याच्या आदल्या रात्री वही चाळताना मला साक्षात्कार झाला, की गाडी हलकी झाली तर ऍव्हरेज वाढेल. तत्त्व खरंच आहे. थांबलेली गाडी पुन्हा पळवायला वजनाच्या हिशेबात इंधन लागतं आणि ब्रेक दाबला की ती सगळी कमाई ब्रेक तापवण्यात जाते. पण आमची मारुती आठशे मुळातच काडीपैलवान. ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तिच्यातून काढणार काय? मी स्टेपनी काढली. मग जॅक आणि पानाही काढला, कारण स्टेपनीच नाही तर ते कशाला!

"बारा किलो कमी झाले," मी विजयाने म्हणालो.

"अहो, मग स्वतःपासूनच सुरुवात करायची ना," बायको म्हणाली.

मी ब्याण्णव किलोचा आहे. पुढे जाऊ.

गुहागरला समुद्र आहे, सुरूचं बन आहे, व्याडेश्वर आहे. तिन्ही जागच्या जागी होती. आत्या मात्र निघायच्या तयारीत होती, आणि तिच्याबरोबर तांदळाची गोणी, कोकमं, दोन फणस आणि जातं.

"आत्या, पुण्यात पीठ मिळतं गं."

"पीठ मिळतं. दळलेलं मिळत नाही," ती म्हणाली. यावर काय बोलणार?

शेवटी टपावर चढला सागवानी पाळणा. माझ्या भाचीला सातवा महिना लागला होता. बारा किलो वाचवून निघालेला मी दीडशे किलो घेऊन परत फिरलो.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. कोयनेचं पाणी इथे डोंगराच्या पोटात कोसळतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला जाऊन मिळतं. पाणी उतरता उतरता कमावत होतं, आम्ही चढता चढता घालवत होतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत होती. अर्धा घाट झाला असेल, तोच मागचं डावं चाक, म्हणजे जात्याच्या बाजूचं, फुस्स करून बसलं.

"स्टेपनी काढा," आत्या म्हणाली.

"काढली आहे," बायको म्हणाली. "पुण्यातच."

नंतरचा पाऊण तास मी कठड्यावर बसून वहीत हिशेब केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माकडं फणसांवर नजर ठेवून होती आणि बायको माझ्यावर. एक लिटर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. त्या हिशेबाने आमचं साडेनऊशे किलोंचं बिऱ्हाड सहाशे मीटर वर चढवायला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल हवं. आणि पुण्यात काढून ठेवलेले ते बारा किलो चढवायला? नऊ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचेही पुरे नाहीत. मी तीनदा गुणाकार केला. उत्तर वाढेना.

आत्या पाळण्याकडे बघत होती.

"यातच होतास तू. आठव्या महिन्यातला, पावणेदोन किलोचा. तुझी आई अंथरुणावर. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं तर वाचेल. दर सोमवारी तुला वाण्याच्या तागडीत घालून तोलायचे नि भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचे. पन्नास ग्रॅम वाढलं की शेजारी साखर वाटायची."

मी वही मिटली.

इतक्यात एक दोन टनांची दांडगी एसयूव्ही आली, आत एकटा माणूस. त्याने आपला जॅक दिला, पाना दिला, आणि पंक्चर चाकासकट मला हेळवाकपर्यंत नेऊन परतही आणलं. एवढ्या उपकारानंतर गप्प बसावं, पण जाता जाता मी विचारलंच, "ऍव्हरेज किती देते?"

"कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जायला अशा गाडीला दहा-पंधरा अश्वशक्ती पुरतात. उरलेल्या दीडशे नुसत्या बसून खातात, कारण मोठ्या इंजिनाचं घर्षणही मोठं. पण चाक माझ्या मांडीवर होतं, त्यामुळे हे व्याख्यान मी गिळलं.

उंब्रजला हायवे लागला. मी ऐंशी गाठले आणि टपावर कोणीतरी शंख फुंकावा तसा आवाज सुरू झाला. पाळणा वारा अडवत होता. घाटात पंचवीसच्या वेगात हवेला कोण विचारतो? पण साठचे ऐंशी केले की तिचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. मी साठवर आलो, शंख थांबला. मागचे ट्रकवाले मात्र वाजवायला लागले. आत्या झोपली होती.

शिरवळच्या अलीकडे टाकी फुल्ल केली. भागाकार ११.४. पेट्रोल भरणाऱ्या पोराने टपाकडे बघून विचारलं, "बाळ कुठाय?"

आत्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे काय, गाडी चालवतंय."