बूटवाली घोडी

पुतण्यानं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घोडी आणली, तेव्हा तिच्या दातांपासून गळ्यावरच्या देवमणी भोवऱ्यापर्यंत सगळ्यावर घरात चर्चा झाली. माझं मत कुणी विचारलं नाही. घोडा मी जवळून पाहिला तो स्वतःच्या लग्नात, आणि तोही वरून.

पण दुडक्या चालीत घोडीचे मागचे पाय एकमेकांना घासायला लागले, आतून सालपट निघालं, आणि ‘काका वाचतात’ या आरोपाखाली प्रकरण माझ्याकडं आलं.

वाचलं. पाय घासू नयेत म्हणून घोड्याला बूट घालतात. हे बूट टापेत घालायचे नसून गुडघ्याखालच्या नळीला बांधायचे असतात, हे कळेपर्यंत मी टापांची मापं घेऊन बसलो होतो. पाय पायाला घासत असेल तर एक प्रकार, मागची टाप पुढच्या टाचेवर आदळत असेल तर टापेवरून घालायचा घंटेच्या आकाराचा दुसरा. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू नसतात, हाडाला लागून नुसत्या कंडरा, हे वाचल्यावर तर माझी झोपच उडाली. वडील म्हणाले, “राक्षसभुवन आपल्याच तालुक्यात. १७६३ ला माधवरावानं निजामाला तिथं लोळवलं, तेव्हा कोण बुटं बांधत बसलं होतं?”

बूट लहान, मध्यम, मोठे मिळत होते. आमची घोडी भीमथडी, म्हणजे बुटकं, काटक जनावर. पण किंमत सारखीच असेल तर मोठं घ्यावं, ही आमच्या घरची कपडेखरेदीची रीत. मी मोठे मागवले.

पट्टे पायाच्या बाहेरच्या अंगाला आणि टोकं मागं, असा नियम. मी लाथेच्या भीतीनं डोळे मिटून बांधले, ते आत आले. ढगळ बूट घोट्यावर घसरले. रानातून एक चक्कर झाली आणि वेलक्रोत एवढं गोखरू भरलं की ते काढताना बायको म्हणाली, “अहो, यापेक्षा तूर निवडणं सोपं.”

शेवटी नालबंद आला. त्यानं मागचा पाय मांडीवर घेतला, नालेच्या आतल्या काठावर बोट फिरवलं. “मास्तर, नाल बाहेर आलीय की हो.” कानस मारली, खिळे दाबले, चहा प्यायला, गेला. घासणं थांबलं.

पण बुटांचं नशीब बघा. पायाला काहीतरी चिकटलंय म्हणून घोडी मागचे पाय पोटापर्यंत उचलून टाकायची, आणि गावाला वाटलं ती नाचतेय! पुतण्यानं लगेच ‘नाचणारी घोडी’ म्हणून लग्नाची सुपारी घेतली आणि तालीम म्हणून रोज बूट चढवायला लागला. व्हायचं तेच झालं. वरातीपर्यंत घोडीला बुटांची सवय झाली. बँडवाला फुंकून फुंकून लाल झाला, आणि ही बाई दळण आणायला निघाल्यासारखी सरळ मांडवात.

नवरदेवाच्या मामानं सुपारीतले पैसे कापले. पुतण्यानं ते माझ्या नावावर मांडलेत.