न्यूनतम दर महाराजांस अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री न्यूनतम दर महाराज, मुक्काम सर्व सरकारी दप्तरे, यांसी –

टावर चौक, उज्जैन येथील एका करदात्याचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येऊ लागल्यापासून या नगरीत रस्ते, पूल आणि घाट यांच्या निविदांचा जो पर्जन्य सुरू झाला आहे, त्यात आपल्याच नावाचा जयघोष ऐकू येतो; तेव्हा ज्यांच्या कृपेने आमच्या पायाखालची फरशी बसते (आणि पुढल्या पावसाळ्यात उठते), त्यांची विचारपूस करावी असे मनात आले.

आपल्या राज्याची थोरवी ही की, तेथे विचार करण्याची तसदी कोणासही पडत नाही. तांत्रिक लिफाफा उघडावा, कागद मोजावेत, आर्थिक लिफाफा उघडावा, आणि जो 'तीस टक्के बिलो' निघेल त्याच्या गळ्यात माळ घालावी. हे तीस टक्के तो सिमेंटमधून काढणार, सळईतून काढणार की मजुराच्या पोटातून, हा प्रश्न तुलनात्मक तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही. आपणांस डावलले तर खुलासा द्यावा लागतो, आपणांस निवडले तर लागत नाही. मग कोणता शहाणा अधिकारी आपणांस डावलील?

आपल्या कलेचा एक नमुना तर मला विशेष प्रिय आहे. बाबनिहाय दराच्या निविदेत मातीच्या खोदकामाचा दर नाममात्र लावावा, कठीण खडकाचा चौपट लावावा, आणि अंदाजपत्रकात खडक मुळी नावालाच धरलेला असल्यामुळे बेरजेत सर्वांच्या खाली यावे. मग काम सुरू होताच, ज्यास हे गुपित आधीच कळले होते त्याच्या भाग्याने, खडकच खडक लागावा, मोजमाप वहीत त्याचे घनमीटर पानापानाने वाढावेत, आणि अखेरचे देयक निघते वेळी आपण, नावाने न्यूनतम असलेले महाराज, सर्व निविदाकारांहून महाग ठरलेले असावे!

२८ मे २०२३ च्या वादळात महाकाल लोकातील सप्तर्षींपैकी सहा मूर्ती, लोकार्पणास आठ महिनेही पुरे झाले नसता, खाली आल्या. त्यानंतर आरोप झाले, चौकश्या झाल्या. परंतु चौकातील चर्चा 'कितीला दिले?' यापुढे फारशी सरकेना. वाऱ्याचा वेग किती धरावा, फायबरच्या आत सांगाडा कसला असावा, हे मसुद्यातच बांधून दिलेले नसेल, तर दहा जणांचे दर म्हणजे दहा निरनिराळ्या वस्तूंचे दर, आणि त्यांतला लहान आकडा निवडणे यास न्याय म्हणावयाचे तरी कसे?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या एकछत्री अमलास किंचित छेद दिला: गुणवत्ताप्रधान म्हणून सक्षम अधिकाऱ्याने ठरविलेल्या कामांत दराखेरीज इतर बाबींना कमाल ३० टक्के भार देण्याची मुभा दिली. घाबरू नये, महाराज. ७० टक्के दौलत आपलीच आहे, आणि उरलेल्या तिसांत 'अनुभव' या अटीचे माप मर्जीतल्या ठेकेदाराच्या अंगास बेतण्याची हिकमत आमच्या दप्तरांतून अद्याप लोपलेली नाही. लिफाफ्याऐवजी यंत्र आणले म्हणावे, तर याच राज्यात ई-निविदांतील दरांत फेरफार करून भलत्यास गादीवर बसविल्याचा आरोप २०१८ मध्ये झाला आणि पुढल्या वर्षी गुन्हाही नोंदला गेला.

तेव्हा विनंती एवढीच की, सिंहस्थाच्या कामांपुरत्या तरी कसोट्या आणि त्यांचे गुण निविदा सूचनेतच छापू द्यावेत, लिफाफा उघडल्यावर त्यांस हात लावू देऊ नये, दिलेल्या प्रत्येक गुणाचे कारण हरलेल्या निविदाकारासही वाचावयास मिळावे, आणि आपण फारच खाली उतरलात तर दरांचे बाबवार पृथक्करण मागितल्याबद्दल रुष्ट होऊ नये. ते समाधानकारक देता आले, तर काम खुशाल आपणांसच मिळो. देता आले नाही, तर आपली निविदा फेटाळण्याचे धैर्य समितीने दाखवावे.

कळावे,

आपला
टावर चौकातील एक रहिवासी