डुंबा, पण आधी तिकडे जाऊन या

वॉल्डन तळ्यावर उन्हाळ्यात जाऊन आलेला पुस्तकवेडा माणूस हमखास एक तक्रार घेऊन परततो. थोरोचं तळं आता राहिलं नाही, नुसती चौपाटी झालीय! मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावाजवळचं हे तळं आज राज्याच्या ताब्यातलं उद्यान आहे. जुलैतल्या रविवारी वाळूवर टॉवेल पसरलेले असतात, पोरं काठाशी डुंबत असतात, कुणी गळ टाकून बसलेलं असतं, कुणी डबे उघडून. दुर्गा भागवतांनी केलेल्या ‘वॉल्डन’च्या अनुवादातून, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’मधून, या पाण्याची ओळख झालेल्या मराठी वाचकालाही हा गलबला बोचतो. मला मात्र ही तक्रार साफ अमान्य आहे.

‘वॉल्डन’ लिहिणारा अमेरिकन लेखक थोरो १८४५ ते १८४७ या काळात इथे राहिला. तो रोज सकाळी याच तळ्यात आंघोळ करायचा, मासे धरायचा, होडीत बसून बासरी वाजवायचा. त्याच्या वेळीही इथे तपोवनाची शांतता नव्हती. १८४४ मध्येच आगगाडी तळ्याच्या एका कडेला येऊन भिडली होती. एका हिवाळ्यात तर बर्फ कापणाऱ्या मजुरांच्या टोळ्या गोठलेल्या तळ्यावर उतरल्या. त्या काळी बॉस्टनचा बर्फ जहाजांतून मुंबई-कलकत्त्यापर्यंत विकला जाई. पुढे १८६६ मध्ये रेल्वे कंपनीने काठावर झोपाळे-बिपाळे लावून सहलीची बाग थाटली. ती १९०२ मध्ये जळाली. म्हणजे गर्दीचा इतिहास पुस्तकाच्या कीर्तीइतकाच जुना आहे.

आणि पोहणाऱ्यांचा हक्क तर कागदावर आहे. १९२२ मध्ये एमर्सन, फोर्ब्स आणि हेवूड या घराण्यांनी तळ्याभोवतीची सुमारे ८० एकर जमीन राज्याला दिली, ती लोकांना तळं, रान आणि निसर्ग यांचा आनंद घेता यावा म्हणून. त्या आनंदात पोहणं, नौकाविहार, मासेमारी आणि वनभोजन हे सगळं दानपत्रात नाव घेऊन लिहिलेलं आहे. अट एवढीच, की थोरो आणि त्याचा लेखकमित्र एमर्सन यांचं वॉल्डन जपलं जावं. वाळूवर लोळणारं कुटुंब तिथे घुसखोर नाही. जमीन त्यांच्यासाठीच दिली गेली.

याच अटीवर १९५७ मध्ये घाला पडला. पोहण्याची जागा वाढवायची म्हणून काउंटीच्या अधिकाऱ्यांनी काठावर बुलडोझर घातले, झाडं पाडली. नागरिक कोर्टात गेले आणि १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पोहू द्या, पण पोहण्यासाठी तळ्याचा काठ खरवडू नका. सार्वजनिक पाण्याबद्दल याहून शहाणा निवाडा मला माहीत नाही.

आता खरं दुखणं. हे तळं हिमनदीने मागे सोडलेल्या बर्फाच्या प्रचंड तुकड्याने बनवलेलं आहे. तो वितळला, खड्डा उरला, त्यात भूजल भरलं. खोली सुमारे १०२ फूट. ती थोरोनेच दोरी सोडून मोजली होती. या तळ्याला ओढा येऊन मिळत नाही, की तळ्यातून ओढा निघत नाही. पाणी जमिनीतून झिरपत येतं आणि झिरपतच जातं. अशा पाण्यात पडलेली घाण वाहून जायला वाटच नसते. गाळाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की उन्हाळ्यात तळ्यात येणाऱ्या फॉस्फरसपैकी निम्म्याहून अधिक वाटा पोहणाऱ्यांच्या लघवीचा असू शकतो. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत. तळाशी नायटेला नावाची वनस्पती गालिच्यासारखी पसरलेली आहे. ती बरंचसं खत शोषून पाणी नितळ ठेवते. पण तिला जगायला प्रकाश लागतो. पाणी गढूळ झालं की प्रकाश खाली पोचत नाही, ती मरते आणि मग तळ्याला राखणारं कुणी उरत नाही. वाढत्या उन्हाळ्यात हे चक्र आणखी लवकर फिरेल.

म्हणून माझा राग टॉवेलवाल्यांवर नाही. पाण्यात उभं राहून गुपचूप मोकळं होणाऱ्यावर आहे. स्वच्छतागृह काठाजवळच आहे. चार पावलं चालायचा कंटाळा एवढं एकच कारण त्याच्यापाशी असतं, आणि ते कारण मला लाजिरवाणं वाटतं. पोराला ‘कुणाला कळणार नाही, कर पाण्यातच’ म्हणणाऱ्या आईबापांवर तर जास्तच राग आहे. तळ्याला कळतं.

राज्याने एक गोष्ट चोख केली आहे: एका वेळी साधारण हजार माणसं आत, मग फाटक बंद. वर्षाला काही लाख लोक येणाऱ्या जागेला ही कडक मोजणी हवीच. फाटकावरून परत फिरावं लागलं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी लवकर यावं. गाडी लावायचे स्थानिकांना ८ डॉलर आणि परराज्याच्या नंबरप्लेटला ३०, हे मात्र मला पटत नाही. दान लोकांसाठी होतं. पाट्या बघून लोक वेगळे काढायचं कारण नाही. गर्दी रोखायला मोजणी आहे, मग पैशाचं कुंपण कशाला?

२०२१ च्या जुलैमध्ये राज्याने खोल पाण्यात लांबवर पोहण्यावर बंदी घातली. राज्यात बुडून मृत्यू वाढले होते, काळजी खरी होती. पोहणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच बंदी मागे घेऊन अटी घातल्या गेल्या. छान झालं. तेवढाच आवाज मला फॉस्फरससाठी ऐकायचा आहे. काठावर ठळक पाटी हवी, ‘पाण्यात लघवी करू नका’ इतक्या सरळ भाषेत. पोहायला उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यायची सूचना फाटकावरच, पैसे घेताना, तोंडी द्यावी. रविवारी जास्तीची स्वच्छतागृहं उभी करावीत, तीही तळ्यापासून दूर आणि तळ्यात काही झिरपणार नाही अशी. परराज्याचे ते ३० डॉलर घेतच असाल, तर खर्च त्यातून निघेलच.