परवान्यावरचा फेस

महाराष्ट्र शासनाच्या काळज्या आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. पाऊस कमी, कांद्याला भाव कमी, झेडपीच्या शाळेत पोरं कमी. ऑक्टोबर 2023 मध्ये या यादीत एक नवी काळजी आली: बीअरचा खप कमी. शासन नुसतं काळजी करत बसलं नाही. अतिरिक्त मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांचा अभ्यासगट नेमला, त्यात बीअर उत्पादकांच्या संघटनेचा प्रतिनिधी घेतला आणि महिन्याभरात अहवाल द्या म्हणून सांगितलं. शासननिर्णयातली कारणमीमांसा सरळ होती. शुल्क वाढवलं म्हणून बीअर महागली, महागली म्हणून लोकांनी हात आखडता घेतला, आणि हात आखडला म्हणून महसूल घटला. आता शुल्क मुळात कुणी वाढवलं, हा प्रश्न अभ्यासगटाच्या कार्यकक्षेबाहेरचा असावा. शिवाय दारूच्या मानाने बीअरमध्ये अल्कोहोल कमी आणि त्या हिशेबाने ती महाग पडते, असाही मुद्दा होता. रुपयाला किती चढते, हे गणित आजवर परमिट रूममध्ये बिलाच्या पाठीवर मांडलं जायचं. ते सरकारी कागदावर चढलेलं पाहून आम्हा बीअररसिकांना गहिवरून आलं. इतकी विचारपूस सासुरवाडीतही कधी झाली नव्हती.

गहिवर ओसरला तेव्हा लक्षात आलं की हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं, त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते त्या काळातला हा कायदा. मूळ नावात ‘मुंबई’ होतं. पुढे ते खोडून ‘महाराष्ट्र’ घातलं, ‘दारूबंदी’ला मात्र कुणी हात लावला नाही. म्हणजे राज्यात दारूबंदी आहे, आणि त्या बंदीचं उत्पन्न घटलं म्हणून राज्य चिंतेत आहे.

या कायद्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, जन्मभराचा हजारला. देशीसाठी दिवसाला दोन रुपये. गरिबाची काळजी शासनाने तिथेही घेतली आहे. परवाना कशासाठी, तेही त्यावर छापलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी. वयाची अट बीअरला 21 आणि कडक मालाला 25. मधली चार वर्षं तरुणांनी आपलं आरोग्य फक्त बीअरवर राखायचं आहे.

आमच्या बीअर मंडळातल्या रसिकांना सिट्रा, कॅस्केड, साझ हे हॉप्स नुसत्या वासावरून ओळखता येतात. कडूपणाचा आयबीयू आकडा त्यांच्या जिभेवर असतो. तो चुकला तर दोन दिवस अबोला धरणारेही आहेत. पण परवाना काढा म्हटलं की सगळे छताकडे बघतात. अपवाद एकाचा. त्याने जन्मभराचा परवाना काढून लॅमिनेट करून घेतला आहे. त्याच्या लग्नाच्या दाखल्याला अजून साधं प्लॅस्टिकचं पाकीटही लाभलेलं नाही.

आणखी एक गंमत. मुंढव्यात शिजलेली, पुण्याच्या नळाच्या पाण्याची, शेजारच्या टेबलावर ‘अरे काय राव’ ऐकत मोठी झालेली बीअर सरकारदरबारी ‘विदेशी मद्य’ असते. आमचे काही मित्र तीन पिढ्या कसब्यात राहून जितके पुणेकर झाले नाहीत, तितकी ही पहिल्या दिवसापासून असते.

एरवी अभिमान वाटावा असा हा विषय आहे. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक पुण्यात निघाली, 2009 साली, कोरिंथियन्स क्लबात, ‘डुलाली’ नावाने. बीअर शिजवायला जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ आले. पुढे इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी नावं निघत गेली. मधाची वारुणी करणारी मूनशाइनसुद्धा पुण्याचीच. मुंबईत 2013 साली लोअर परळला बार्किंग डिअर सुरू झालं, तेही एका अमेरिकन माणसाच्या जिद्दीवर. गेटवे ब्रुइंगची बीअर तर डोंबिवलीत तयार होते. डोंबिवलीने 2017 मध्ये साहित्य संमेलन भरवलं, त्याचे अध्यक्ष कोण होते ते भल्याभल्यांना आठवत नाही. तिथली गव्हाची बीअर मात्र आठवते. आम्ही ही वस्तुस्थिती सांगतो आहोत, टीका करत नाही.

आता चव घेण्याच्या कार्यक्रमांबद्दल. हे हल्ली दर शनिवारी कुठे ना कुठे असतात. पूर्वी पुण्यात शनिवारी संध्याकाळी गाण्याची बैठक असायची. माणसं तीच आहेत, फक्त तानपुऱ्याच्या जागी नळ आले. घराणीसुद्धा तशीच. जर्मन घराण्याचे लोक कट्टर: 1516 च्या बव्हेरियन फर्मानाप्रमाणे बार्ली, हॉप्स आणि पाणी, चौथं काही पडलं की कानाच्या पाळीला हात. (यीस्ट त्या फर्मानात नव्हतं, कारण ते असतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. हे निदर्शनास आणून दिलं की जर्मन घराणं विषय बदलतं.) बेल्जियन घराणं मिश्र रागांचं, संत्र्याची साल घाल, मसाला घाल. अमेरिकन घराण्यात सगळं तारसप्तकात. हॉप्स इतके की दाढीला वास राहतो. त्यांची लाडकी इंडिया पेल एल. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या आपल्या लोकांसाठी जहाजाने पाठवलेली ही बीअर दोनशे वर्षांनी अमेरिकेला वळसा घालून परत आली आणि आपण ती चार-पाचशे रुपये देऊन घेतो. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणावर लिहिलं, त्यात हा मार्ग राहून गेला.

परवाच्या अशाच एका कार्यक्रमात सूत्रसंचालक तरुण होता. दाढी राखलेली, मनगटावर हॉपच्या फुलाचं गोंदण. त्याने बेल्जियन विटचे छोटे ग्लास फिरवले आणि म्हणाला, “घाई नको. नाकाशी धरा. काय नोट्स येतायत?”

कुणी म्हणालं, बालपण. कुणी म्हणालं, पहिला पाऊस. एक बाई म्हणाल्या, युरोप.

मागच्या खुर्चीवरून नारायण पेठेतले काका म्हणाले, “धने.”

“सर?”

“धने आहेत यात. आमच्याकडे आमटीत घालतात. थोडे भाजून घ्यायला हवे होते.”

काकांचं बरोबर होतं. विटमध्ये धने असतातच. त्या तरुणाने नंतर जर्मन हेफेवायझन दिली आणि विजयी मुद्रेने विचारलं, “आता?” काका म्हणाले, केळं. “पण यात केळं नाहीये, सर! हा वास यीस्ट तयार करतं.” काकांनी ग्लास उजेडात धरला, गढूळपणा पाहिला आणि विचारलं, “केळं नाही, तर मग पैसे कसले घेता?”

काकांना हसण्याआधी एक लक्षात घ्या. त्या खोलीत खरी चव ओळखणारा तो एकच माणूस होता. बाकीचे, म्हणजे आम्ही, शब्दांची चव घेत होतो.

तिथेच एक गृहस्थ आपल्या गावाकडच्या पाहुण्याला घेऊन आले होते. पाहुण्याने बाटलीतली बीअर मागितली, बाटली उलटी करून तिचं तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि शांतपणे वाट बघत बसला. ग्लिसरीन निघून जातं म्हणे. ही विद्या महाराष्ट्रात घरोघर आहे. कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी कुणाला येत नाही असं नाही. बाहेर पडतं ती चांगली बीअरच, पण हे त्याला कोण सांगणार? पाण्याचा ग्लास पिवळसर झाल्यावर तो समाधानाने म्हणाला, “बघा, किती होतं!” मग त्याने वेटरला आम्हा सर्वांच्या मनातला, पण संस्कारांमुळे ओठावर न येणारा प्रश्न विचारला: “स्ट्राँग काय आहे?” देशात खपणारी बहुतेक बीअर स्ट्राँगच असते. म्हणजे बहुमत पाहुण्याच्या बाजूने आहे आणि आम्ही विरोधी बाकांवर.

उद्योगाच्या बातम्याही तितक्याच मादक आहेत. बिरा 91 हे नाव आठवत असेल. 2015 मध्ये आलेलं, माकडाचं चित्र, शहरी पोरांच्या हातात हमखास. कंपनीचं नाव बी9 बेव्हरेजेस प्रायव्हेट लिमिटेड. भागधारक वाढले, शेअर बाजाराचे वेध लागले, तेव्हा नावातला ‘प्रायव्हेट’ काढून टाकला. झालं. आत तीच बीअर, तेच माकड, तीच बाटली. पण कायद्याच्या नजरेला हा कुणी भलताच उत्पादक. प्रत्येक राज्यात लेबलं नव्याने नोंदवा, नवे अर्ज करा, थांबा. काही महिने विक्री जवळपास ठप्प झाली, सुमारे 80 कोटींचा माल निकाली काढावा लागला, आणि 2023-24 चा तोटा गेला 748 कोटींवर. उत्पन्न होतं 638 कोटी. एका विशेषणाची इतकी किंमत मराठी समीक्षेतसुद्धा कुणी मोजलेली नाही. आमच्या देशात बीअर उकळते टाकीत आणि मुरते टेबलाखालच्या फायलीत. कारखानदार मोठा असो की चार नळांचा ब्रुपब, या दुसऱ्या मुरण्याला किती दिवस लागतील ते कुठल्याही ब्रूमास्टरला सांगता येत नाही.

छोट्या ब्रुअरीवाल्याची आम्हाला खरंच दया येते. त्याचा माल ताजा, जिवंत, पटकन बिघडणारा. 2020 च्या टाळेबंदीत टाक्या भरलेल्या आणि दारं बंद. देशात ठिकठिकाणी हजारो लिटर बीअर ओतून द्यावी लागली. त्या वर्षी गटारी आषाढाची वाट न बघता शब्दशः साजरी झाली. मग महाराष्ट्राने ग्राउलर नावाच्या बाटलीतून ताजी बीअर घरी न्यायला परवानगी दिली. शासनाच्या इतक्या निर्णयांत हा एक असा, की ज्याबद्दल आम्ही वाकडं बोलणार नाही.

जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा हिशेब केला. देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट. बीअरला आणि वाइनला यातून वगळलं. अभ्यासगटाची पुण्याई असेल. ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा एक नवा प्रकार जन्माला घातला, धान्यापासूनचा, 180 मिलिलिटरला किमान 148 रुपये. मराठी अस्मितेला इतक्या परवडणाऱ्या दरात आजवर कुणी बाटलीत भरलं नव्हतं. वरून वर्षाला 14,000 कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित, आणि कारखान्यांवर लक्ष ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा नियंत्रण कक्ष. नैसर्गिक बुद्धिमत्ता इतकी वर्षं या खात्यात काय करत होती, असा प्रश्न बारमालकांना पडला असेल, पण त्यांनी तो विचारला नाही. त्यांनी 14 जुलैला एक दिवस बार बंद ठेवले. दारूवर कर वाढला म्हणून दारूबंदी! मोरारजीभाईंना जे दंडुक्याने साधलं नाही, ते हॉटेल असोसिएशनने एका पत्रकाने करून दाखवलं.

आता मंडळाच्या कामाचं. आमचा वार्षिक बीअर महोत्सव घ्यायचा आहे आणि तारीख सापडत नाही. सगळ्यांच्या मनात ऑक्टोबरफेस्ट. म्युनिकमध्ये 1810 साली राजपुत्राचं लग्न झालं, त्याची वरात अजून चालू आहे. ती सुरू होते सप्टेंबरात आणि संपते ऑक्टोबरच्या तोंडाशी. आपल्याकडे नेमका तेव्हा पितृपक्ष. खजिनदार म्हणाले, पितरांना चालेल. पण प्रायोजकांना चालणार नव्हतं. पुढे नवरात्र, त्यात निम्मं मंडळ अनवाणी आणि उपाशी. मध्येच 2 ऑक्टोबर, आणि त्याला जोडून दारूबंदी सप्ताह. अलीकडे यावं तर गणपती. त्याअलीकडे श्रावण. आषाढात यावं तर एकादशी, शिवाय गटारीच्या आठवड्यात क्राफ्ट बीअरची चव घ्यायला कुणाला सवड नसते; तो आठवडा परिमाणाचा आहे, गुणवत्तेचा नाही. मोकळा शनिवार सापडलाच तर निवडणूक लागते, म्हणजे मतदान संपेपर्यंतचे 48 तास कोरडे आणि मोजणीचा दिवस वेगळा.

बैठक तीन तास चालली. शेवटी काकांनी सुचवलं, “31 डिसेंबर घ्या. त्या रात्री सरकार स्वतःच पहाटे पाचपर्यंत परवानगी देतं.”

अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं की त्या रात्री कुणी चव घेत नाही, नोट्स लिहीत नाही, नळावर काय चढवलंय ते विचारत नाही.

“तेच म्हणतोय,” काका म्हणाले. “त्या रात्री नुसते धने उकळून दिलेत तरी चालेल.”

ठराव आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. विरोधातली तिन्ही मतं जर्मन घराण्याची होती.