छपरावरची मुशी

हल्ली गाडीच्या छपरावर अँटेना म्हणून मुशीचा, म्हणजे शार्कचा, काळा कुळकुळीत पर चिकटवल्याशिवाय गाडी घेतल्यासारखं वाटत नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानात तो काळा, पांढरा आणि 'बॉडी कलर' असा मिळतो. आत काय असतं? हवा. खाली डबल टेप. काही उदार उत्पादक वीतभर वायरही देतात. ती कुठे जोडायची, असं विचारलं तर दुकानदार शांतपणे सांगतो, "ती कापून टाकतात साहेब. पाणी शिरतं."

खऱ्या पराच्या पोटात ॲम्प्लिफायर असतो आणि त्याची केबल छपराखालून स्टिरिओपर्यंत जाते. पर आखूड पडतो, म्हणून त्याला ही मदत लागते. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब. तिला पकडायला तिच्या चतुर्थांश, म्हणजे पाऊण मीटरची दांडी उत्तम, असं भौतिकशास्त्र म्हणतं. भौतिकशास्त्राला शोभेतलं काही कळत नाही.

इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण पर बसवायचा म्हणून हे लोक आधीची दांडी पिरगाळून काढतात! ऐकू येणारी वस्तू डिकीत आणि न ऐकू येणारी छपरावर. आजोबांचं श्रवणयंत्र काढून कानात भिकबाळी घालायची, आणि मग आजोबा हल्ली लक्षच देत नाहीत म्हणून तक्रार करायची, तसं हे. खंबाटकी घाट चढताना रेडिओ खरखरला की यांचं ठरलेलं वाक्य, "इकडे रेंजच नाही." डोंगर आड आला की एफएम अडखळतं हे खरं. पण यांचं घाट लागण्याआधीच, सपाट रस्त्यावर अडखळतं, त्याचं काय? उपाय विचारतात. दांडी परत लावा म्हटलं की चेहरा पडतो. मग नवा स्टिरिओ येतो, टचस्क्रीनवाला. तोही खरखरतो, फक्त आता मोठ्या पडद्यावर. शेजारच्या सॉकेटमध्ये सिग्नलवर घेतलेला स्वस्त चार्जर असतो, तो स्वतःच एक बारकं केंद्र चालवत असतो, चोवीस तास खरखर. तो उपटून बघा म्हटलं तर मोबाइल ऐंशी टक्क्यांवर आलेला असतो, आणि ऐंशी टक्के म्हणजे आमच्याकडे आणीबाणी.

घरीही हीच तऱ्हा. संगीतसंचाबरोबर अँटेनाची टी आकाराची वायर फुकट येते. ती रबरबँडसकट पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं माळ्यावर. खरं तर तिचे दोन्ही हात पसरून ती खिडकीजवळ भिंतीला लावायची, थोडी फिरवून, आडवी-उभी करून बघायची. तरी फुसफुस राहिली तर स्टिरिओचं बटण दाबून मोनो करायचं. पैसे लागत नाहीत, हाच त्या उपायातला दोष. त्यापेक्षा फॉल्स सीलिंगमध्ये एलईडीच्या माळा सोडतात, आणि संध्याकाळी दिवे लागले की निवेदिकेचा आवाज मधमाश्यांच्या पोळ्यातून येऊ लागतो.

आणि गच्चीवर ॲल्युमिनियमची साधी अँटेना लावू द्या, असा अर्ज मी सोसायटीला केला, तर उत्तर काय? "इमारतीचा लुक जातो." लुक! त्या गच्चीवर मोडका कमोड आहे, चिरलेली टाकी आहे, गेल्या गणपतीचे बांबू आहेत, कुणाच्या तरी लग्नातलं थर्माकोलचं सिंहासन आहे. त्यानं लुक जात नाही. बोटाएवढ्या जाडीच्या नळीनं जातो! हा लुक बघतो तरी कोण, घारी? हे सांगणाऱ्या सेक्रेटरींच्या गाडीवर पर आहेत दोन. एक कंपनीचा, खरा. तो नजरेत भरेना म्हणून त्याच्यामागे एक मोठा, पोकळ. पुढचा ऐकतो, मागचा रुबाब करतो, आणि सेक्रेटरी गाडीत ब्लूटूथवर भजनं लावतात.

माझ्या गाडीला अजून दांडी होती. गेल्या आठवड्यात पार्किंगमधून ती कुणीतरी काढून नेली. तक्रार करायला गेलो तर वॉचमन म्हणाला, "बरंच झालं की साहेब, आता पर बसवा." चोरावर मात्र माझा राग नाही. हजारो छपरांतून त्यानं नेमकी चालू वस्तू ओळखली, म्हणजे या शहरात रेडिओ ऐकणारा आणखी एक माणूस आहे. त्यानं दांडी खुशाल ठेवावी. फक्त घरी कुठलं केंद्र स्वच्छ लागतं आणि त्याच्या सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे का, एवढं कळवावं.