केवळ दर्शनार्थ

"पाच मिनिटांचे काम आहे," असे मी भर सभेत, चष्म्याच्या काचा सावकाश पुसत म्हणालो, आणि ज्याने आयुष्याची 22 वर्षे संगणकाच्या पडद्यावर चौकटी आखण्यात घालवली त्याने निदान हे वाक्य तरी उच्चारू नये, एवढी विवेकबुद्धी त्या क्षणी माझ्यापाशी उरली नव्हती. अर्ज दाखल झाल्यावर त्यातला मजकूर अर्जदाराला दिसावा, परंतु त्यात फेरफार करता येऊ नये, एवढीच मागणी होती. एचटीएमएलमध्ये त्यासाठी 1997 सालापासून ‘रीडओन्ली’ नावाचे एकशब्दी फर्मान आहे. ते मी लिहिले. नावाच्या आणि पत्त्याच्या चौकटींनी ते शिरसावंद्य मानले, जिल्ह्याच्या ड्रॉपडाऊनने मात्र त्याची दखलही घेतली नाही. ड्रॉपडाऊन आणि चेकबॉक्स हे या फर्मानाच्या अंमलाबाहेरचे संस्थानिक आहेत हे मला आधीपासून ठाऊक होते, असे मी नंतर सर्वांना सांगितले.

मग ‘डिसेबल्ड’ हे जालीम अस्त्र काढले. चौकट राखाडी पडली, निश्चेष्ट झाली, आणि अर्ज पुढच्या टप्प्याला रवाना होताना जिल्हा मागेच राहिला; कारण डिसेबल्ड चौकटीतला ऐवज सर्व्हरकडे जातच नाही. अखेर माऊसची टिचकी तिथवर पोहोचूच नये अशी नाकेबंदी केली. माझ्या नोकरीएवढेच वय असलेल्या आमच्या टेस्टर मुलीने माऊसला हातही न लावता टॅबची कळ दाबली, खालचा बाण दाबला, आणि साताऱ्याचा अर्जदार सिंधुदुर्गाचा रहिवासी झाला. "सर, त्याला समुद्र मिळाला," ती म्हणाली.

ज्याचा वर्तमानकाळ फसतो त्याला इतिहासाचा आधार फार लवकर सापडतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शिरोभागीची राजमुद्रा सर्वांना मुखोद्गत असते. माझा जीव मात्र अखेरीच्या त्या धाकट्या मुद्रेवर, जिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढेच कोरलेले असे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये! त्या मोर्तबाचा वंश अजून खुंटलेला नाही: धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण ‘मात्र’ लिहून उरल्या जागेवर जी आडवी रेघ ओढतो, ती तिचीच दूरची नात. (हे मी सभेतही सांगितले असते, सुदैवाने चहा आला.) आणि माझे कुलूप? ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडून माझे फर्मान कोणीही खोडावे, आणि खरा पहारा सर्व्हरवरच बसवावा, अशी त्याची योग्यता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्याच आठवड्यात निवृत्तिवेतनाच्या कुठल्याशा अर्जात त्यांचे आडनाव चुकीचे छापलेले निघाले, आणि ती चौकट, अर्थातच, राखाडी. त्यांनी तिच्यावर बोट टेकवले, मग जरा जोराने टेकवले.

"ही बदलत नाही, अण्णा. नुसती पाहायची असते."

"चुकलेली असली तरी?"

मी सुरक्षितता, विदा, अधिकारस्तर असे बरेच काही बोललो. बोलता बोलता लक्षात आले, की असल्याच चौकटी मी 22 वर्षे आखतो आहे आणि दुरुस्तीची वाट कुठून ठेवायची हे मला कोणी विचारले नव्हते, मीही कोणाला विचारले नव्हते. अण्णांच्या दप्तरातही खाडाखोडीला मनाईच होती. पण चुकलेल्या अक्षरांवर एकच रेघ ओढायची, जेणेकरून खालचे वाचता यावे, वर तांबड्या शाईने शुद्ध लिहायचे आणि शेजारी आपली लघुस्वाक्षरी करायची, अशी रीत होती.

त्यांनी मला अर्ज कागदावर छापून आणायला सांगितले. तांबडे पेन सापडायला अर्धा तास गेला. हात थरथरत होता, रेघ मात्र सरळ आली. वर आडनाव, शेजारी स्वाक्षरी, खाली तारीख.

"हं, पाठव आता," असे म्हणून अण्णांनी कागद माझ्या हाती दिला, आणि मी तो घेऊन पडद्यासमोर बसलो, तो कुठे पाठवायचा ते शोधत.